रिपीटर कुठपर्यंत ऐकेल? ठाणे-नवी मुंबईत कव्हरेजचा अंदाज कसा काढायचा

हॅम रेडिओचं नवीन लायसन्स मिळालेल्या प्रत्येकाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, मी कासारवडवलीत राहतो, हातातल्या हँडीवरून (छोट्या वॉकीटॉकीवरून) रिपीटर, म्हणजे उंचावरून आपला सिग्नल ऐकून तोच जोरात पुढे पाठवणारं मशीन, लागेल का. दुसरा थोडा पुढचा, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रिपीटर टाकला तर पनवेलपर्यंत जाईल का. आणि जुन्या मंडळींचं उत्तरही ठरलेलं, "लावून बघा ना". आता लावून बघायचं म्हणजे अँटेना आणा, केबल आणा, डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ऐकणं आणि बोलणं वेगळं ठेवणारा फिल्टर) आणा, सेक्रेटरीला पटवा, आणि मग कळणार की मुंब्रा-डोंबिवलीकडे काहीच जात नाहीये. त्यापेक्षा एक संध्याकाळ लॅपटॉपसमोर बसलात तर नव्वद टक्के चित्र आधीच समोर येतं, तेही फुकट. ते कसं करायचं ते सांगतो. नुसता अंदाज काढायला लायसन्स लागत नाही हेही सांगून ठेवतो. ट्रान्समिट करायला लागतं, आणि रिपीटर लावायचा तर त्याची परवानगी वेगळी.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कव्हरेज म्हणजे रिपीटर किती लांब ओरडतो ते नाही, किती लांबचं ऐकतो ते. रिपीटरकडे २५ वॅट असतात, उंचावर चांगली अँटेना असते, त्याचं बोलणं सगळीकडे पोचतं. तुमच्याकडे ५ वॅट, रबरी अँटेना, आणि तीसुद्धा तोंडाजवळ धरलेली. म्हणून अर्ध्या गावात रिपीटर छान ऐकू येतो पण पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की उठतच नाही. नुसती पॉवर वाढवलेला रिपीटर म्हणजे मंडपावरचा भोंगा, सगळ्या गल्लीला ऐकू जातो पण त्याला कोणाचंच ऐकू येत नाही. तेव्हा हिशोब कायम हँडीकडून रिपीटरकडे करायचा, उलटा नाही.

पायरी १, जागा आणि उंची लिहून काढा

गूगल अर्थ उघडा, जिथे अँटेना लावायची ती बिल्डिंग शोधा, अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत लिहून घ्या. मग दोन उंच्या वेगवेगळ्या लिहा. जमीन समुद्रसपाटीपासून किती उंच, आणि अँटेना त्या जमिनीपासून किती उंच. नवीन लोक हमखास या दोन्हींची बेरीज एकाच रकान्यात टाकतात आणि मग नकाशात सगळं हिरवं, म्हणजे कव्हरेज असलेलं, बघून खूश होतात. सॉफ्टवेअर जमिनीची उंची स्वतः शोधतं, त्याला फक्त जमिनीपासून अँटेना किती वर हे हवं असतं. एक मजला साधारण ३ मीटर धरा, त्यात गच्ची, पाण्याची टाकी, वरचा पाइप.

पायरी २, दिसतं का ते बघा

रेडिओची क्षितिजरेषा डोळ्यांच्या क्षितिजापेक्षा थोडी लांब असते कारण हवेत लहरी किंचित खाली वाकतात. सूत्र सोपं आहे, उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. २५ मीटरच्या गच्चीला साधारण २१ किमी, १०० मीटरच्या टॉवरला ४१, आणि रस्त्यावर उभ्या माणसाच्या दीड मीटरवरच्या हँडीला ५. दोन्ही बाजूंची बेरीज करायची. म्हणजे सात-आठ मजली सोसायटी ते हँडी असं २५-२६ किमी. ठाणे ते पनवेल सरळ रेषेत जवळपास तेवढंच आहे, आणि इथेच लोक फसतात, कारण हे पृथ्वी गुळगुळीत आहे असं धरून झालं, मध्ये काय काय आहे ते अजून बघितलंच नाही.

मध्ये काय आहे ते आपल्या भागात विचारायलाच नको. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर, पुढे सगळं नॅशनल पार्क, त्यातलं सर्वात उंच टोक ४६८ मीटरचं. त्यामुळे घोडबंदर रोडवरून बोरिवलीला सिग्नल सरळ जाईल हे विसरा, गाड्यांसाठी जिथे बोगदा खणावा लागतोय तिथे आपल्या ५ वॅटने काय होणार. पूर्वेला पारसिकची रांग मुंब्र्यापासून थेट बेलापूरकडे आलेली. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी तिच्या एका अंगाला आणि मुंब्रा, शिळफाटा, डोंबिवली दुसऱ्या. वाशीतला रिपीटर नेरुळला कानात ओरडल्यासारखा येईल पण डोंबिवलीला सावलीत. खाली बेलापूर आणि तळोज्याच्या मध्ये खारघरचा डोंगर आहेच.

हे डोळ्यांनी बघायचं तर हेव्हॉट्सदॅट नावाची साइट आहे, तिथे जागा आणि उंची दिली की कुठली जमीन तिथून दिसते ते रंगवून देते. गूगल अर्थमध्येही दोन ठिकाणांमध्ये रेघ मारून एलिव्हेशन प्रोफाइल काढता येतं. दोन्ही करा. जे इथे दिसत नाही ते पुढे सॉफ्टवेअरमध्ये अचानक हिरवं झालं तर संशय घ्यायचा.

अजून एक गोष्ट, नुसतं दिसून भागत नाही. लहर बारीक दोरीसारखी जात नाही, तिला मधोमध फुगलेली मोकळी जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. १४५ मेगाहर्ट्झला, म्हणजे हॅमच्या दोन मीटर बँडला, २० किमीच्या लिंकवर मध्यभागी त्या फुग्याची त्रिज्या जवळजवळ १०० मीटर येते, ४३५ ला साधारण ६०. यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. डोंगराची कड अगदी रेषेला टेकलेली असेल, म्हणजे तुम्हाला वाटतंय की दिसतंय, तरी ६ डीबी (डेसिबल) गेले, म्हणजे पॉवरचा चौथा भागच उरला.

पायरी ३, कागदावर हिशोब

इथे बरेच जण पळून जातात पण खरं तर ही किराणा मालाची बेरीज-वजाबाकी आहे. सगळं डीबीमध्ये करायचं म्हणजे गुणाकार लागत नाही.

हँडी ५ वॅट, म्हणजे ३७ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेतले डीबी). रबरी अँटेना आणि शरीराजवळ धरल्याचा तोटा मिळून ८ वजा करा, २९ उरले. रिपीटरच्या अँटेनाचा गेन (सिग्नल एका दिशेला एकवटून ती जेवढा वाढवते तो) ६ डीबीआय, तो जमा. खाली येताना केबल आणि डुप्लेक्सर मिळून साडेतीन खर्च. आता रिपीटरचा रिसीव्हर किती बारीक ऐकतो. कॅटलॉगमध्ये ०.२ मायक्रोव्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे उणे १२१ डीबीएम. पण तो आकडा लॅबमधला आहे. आपल्याकडे लिफ्टच्या मोटारी, स्वस्तातले एलईडी ड्रायव्हर, केबलवाल्यांचे ॲम्प्लिफायर, सगळे मिळून जो कचरा हवेत टाकतात त्याने शहरात या बँडला सहज १० डीबी खाल्ले जातात. म्हणून मी उणे ११० च धरतो. तर ३७ वजा ८ अधिक ६ वजा साडेतीन अधिक ११०, एकूण साडे-१४१. त्यातून १२ डीबी राखीव ठेवा, कारण सिग्नल वरखाली होत राहतो. उरले साधारण १२९ किंवा १३०. वाटेत एवढा तोटा झाला तरी तुमचा आवाज पोचेल, त्यापलीकडे नुसती खरखर.

आता २० किमीला तोटा किती? मोकळ्या अवकाशाच्या सूत्राने १०२ डीबी येतो आणि माणूस नाचायला लागतो की अजून २७ शिल्लक. नाचू नका. आपण अवकाशात नाही, जमिनीवर दीड मीटरवर उभे आहोत, जमिनीवरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीला खोडते. सपाट जमिनीचं सूत्र वेगळं आहे, अंतराच्या लॉगला ४० ने गुणा आणि त्यातून दोन्ही अँटेनांच्या उंचीच्या लॉगची २०-२० पट वजा करा, सगळं मीटरमध्ये. १०० मीटरवरचा रिपीटर, दीड मीटरवर हँडी, २० किमी, उत्तर साडे-१२८. म्हणजे डोंगर नाही, बिल्डिंग नाही, तरी २० किमीला आपण काठावर. आणि अँटेना २५ मीटरवर असेल तर तेच उत्तर साडे-१४०, म्हणजे संपलं, साधारण १० किमीवरच गाडी थांबली.

या सूत्रातून एक फार कामाची गोष्ट निघते. उंची दुप्पट केली की ६ डीबी मिळतात, जे पॉवरने मिळवायचे तर चौपट वॅट लागतील, आणि तेही हँडीच्या बाजूने, म्हणजे शक्यच नाही. उंची चौपट, तर अंतर दुप्पट. पैसे असतील तर ते पाइपवर आणि केबलवर घाला, पॉवर ॲम्प्लिफायरवर नको.

केबलचं बोललोच आहे तर, आरजी-५८ स्वस्त मिळते म्हणून गच्चीवरून तळमजल्यापर्यंत तीच सोडणारे लोक आहेत. १४५ मेगाहर्ट्झला ती १०० मीटरला २० डीबीच्या आसपास खाते. ३० मीटरचा तुकडा म्हणजे ६ डीबी, चारातले तीन भाग वाटेतच गरम झाले. येताना आणि जाताना दोन्हीकडे. एलएमआर-४०० जातीची केबल त्याच लांबीत दीड डीबीच्या आसपास घेते. किंवा मशीनच लिफ्ट रूमजवळ वर ठेवा, फक्त मग लिफ्टच्या मोटारीचा आवाज आत येतो का ते आधी तपासा.

पायरी ४, सॉफ्टवेअर

आता हेच हजारो ठिकाणांसाठी हाताने कोण करणार, म्हणून रेडिओ मोबाइल. कॅनडातले हॅम रॉजर कूदे, कॉलसाइन व्हीई२डीबीई, यांनी बनवलेला हा प्रोग्राम आहे, हॅमना फुकट, विंडोजवर चालतो आणि ब्राउझरमध्ये चालणारी ऑनलाइन आवृत्तीही आहे. नवीन माणसाने ऑनलाइनच वापरावी, विंडोजवालीच्या खिडक्या बघून घाम फुटतो. लिनक्सवाल्यांसाठी स्प्लॅट नावाचा प्रोग्राम आहे. आतमध्ये दोघांचं इंजिन म्हणजे लाँगली-राइस नावाचं वाटेतला तोटा मोजायचं मॉडेल, १९६८ सालच्या एका अमेरिकन सरकारी अहवालातून आलेलं, २० मेगाहर्ट्झपासून २० गिगाहर्ट्झपर्यंत चालणारं. जुनं आहे पण डोंगराळ भागात अजूनही भरवशाचं.

अकाउंट उघडा, नकाशावर जागा धरा, नाव देऊन सेव्ह करा, मग कव्हरेज निवडा. रकाने भरताना आपला उलटा हिशोब लक्षात ठेवा. मध्यभागी रिपीटरची अँटेना, तिची जमिनीपासूनची उंची, गेन ६. मोबाइल अँटेनाची उंची दीड मीटर, गेन उणे ८. फ्रिक्वेन्सी १४५. ट्रान्समिट पॉवरमध्ये २५ नाही, ५ टाका. वाटेतला तोटा दोन्ही दिशांना सारखाच असतो त्यामुळे चालतं. लाइन लॉस एकदाच मोजला जाईल असा टाका, एका रकान्यात साडेतीन आणि दुसऱ्यात शून्य. रिसीव्हर थ्रेशोल्ड मायक्रोव्होल्टमध्ये मागतात तिथे ०.२ नाही तर ०.७, म्हणजे तेच उणे ११०. रिलायबिलिटी आधीच ७० भरलेली असते, ती ९० करा, नकाशा आक्रसेल आणि वाईट वाटेल पण खरा तोच. लँड कव्हरची (जमिनीवर झाडं, इमारती काय आहे त्याची) खूण ऑन ठेवा. मोठ्या विंडोज आवृत्तीत हवामान विचारतं, तिथे मॅरिटाइम सबट्रॉपिकल घ्या, अमेरिकेतलं कोरडं थंड हवामान आपल्या खाडीला लावू नका.

दोन नकाशे काढा. एक वरच्या आकड्यांनी हँडीचा, दुसरा गाडीच्या टपावरच्या अँटेनाचा, २५ वॅट आणि गेन २ वगैरे. दोन्हीतला फरक बघून बरेच जण हँडी बाजूला ठेवतात आणि गाडीसाठी मॅग्नेट माउंट शोधायला लागतात.

पायरी ५, नकाशाला काय माहीत नाही

मला विचाराल तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि हाच कोणी सांगत नाही. या फुकट टूल्समध्ये जमिनीची उंची बहुतेक करून एसआरटीएमची असते. एन्डेव्हर यानाने फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवस रडार फिरवून जगाच्या बऱ्याचशा जमिनीची उंची मोजली, तो हा डेटा, साधारण ३० मीटरच्या चौकटीत. आता फेब्रुवारी २००० चा घोडबंदर रोड आठवा. पातलीपाडा, मानपाडा, कोलशेत, कासारवडवली, आजच्या टॉवरपैकी किती होते? खारघरही तेव्हा कुठे वसत होतं. म्हणजे सॉफ्टवेअरला वाटतं तिथे मोकळं रान आहे आणि प्रत्यक्षात तिथे तीस-चाळीस मजली काँक्रीटची भिंत.

उलटंही होतं. विमानतळासाठी उलव्याची अख्खी टेकडी कापून सपाट केली, पण २००० च्या डेटात ती जिथल्या तिथे उभी आहे. तिच्या मागे नकाशा सावली दाखवेल जी आता नाही. पारसिकच्या रांगेत खाणींनी खाल्लेले डोंगर आहेत त्यांचंही तसंच. आणि येऊरच्या जंगलात रडारचा किरण झाडांच्या शेंड्यांवरून परत आला, जमिनीवरून नाही, त्यामुळे तिथे डोंगर आहे त्यापेक्षा काही मीटर उंच दिसतो.

त्यामुळे नकाशा आला की तो घेऊन बसा आणि स्वतःच्या डोक्याने दुरुस्त करा. रिपीटर आणि तुमच्यामध्ये दाट टॉवर असतील तर १० ते १५ डीबी अजून वजा, घराच्या आत बसून बोलणार असाल तर आणखी १० तरी, लोकलच्या डब्यात असाल तर खिडकीशी उभे राहा आणि देवाचं नाव घ्या. याउलट वाशी पुलावरून किंवा पाम बीच रोडला खाडीच्या कडेने जाताना मध्ये नुसतं पाणी आणि तिवरं, तिथे नकाशापेक्षा चांगलंच मिळतं बहुतेक वेळा.

सॉफ्टवेअरला अजून एक गोष्ट अजिबात कळत नाही, ती म्हणजे डिसेन्स. रिपीटर एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो, दोन मीटर बँडला मध्ये फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर. डुप्लेक्सर नीट ट्यून नसेल किंवा शेजारी एफएमचा, मोबाइलचा टॉवर असेल तर रिसीव्हर बहिरा होतो, आणि नकाशावर हिरवा असलेला अर्धा भाग प्रत्यक्षात गायब. गच्चीवर मोबाइल कंपनीचे अँटेना आधीच असतील तर ती जागा कितीही उंच असो, दोनदा विचार करा.

पावसाचं सगळे विचारतात. १४५ ला पावसाच्या थेंबांनी काहीच होत नाही, अगदी जुलैतल्या पावसातही. पाऊस मारतो तो कनेक्टरमधून केबलमध्ये शिरून. सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एक होणारी) टेप गुंडाळा, खाली ड्रिप लूप (पाणी गळून जावं म्हणून केबलचं खाली झुकलेलं वळण) ठेवा. उन्हाळ्यात मात्र गंमत असते, समुद्रावर गरम हवेचा थर बसला की लहरी त्याच्याखाली अडकून लांबच लांब जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर उन्हाळ्याच्या दिवसांत थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी यायचे, आणि ते रडार २०० मेगाहर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे आपल्या बँडपासून फार लांब नाही. तेव्हा एप्रिलमधल्या एखाद्या संध्याकाळी लांबचं स्टेशन लागलं म्हणून ते कव्हरेजमध्ये लिहू नका. आणि लांबचा त्याच फ्रिक्वेन्सीवरचा रिपीटर तुमच्यावर येऊन बसू नये म्हणून टोन (रिपीटर उठवायला आवाजाबरोबर जाणारा ठरावीक सूर) लावा.

पायरी ६, रिपीटर नसताना रिपीटरची टेस्ट

आता बाहेर पडायचं. रिपीटर आणायच्या आधीच. ज्या गच्चीचा विचार आहे तिथे एक जण रेडिओ आणि पाइपवर बांधलेली साधी अँटेना घेऊन बसेल, दुसरा हँडी घेऊन फिरेल, दोघंही सिम्प्लेक्सवर (रिपीटरशिवाय, थेट एकाच फ्रिक्वेन्सीवर), दोघांकडेही लायसन्स. वरच्याने फक्त ऐकून लिहायचं, कारण आपल्याला वरचे कान तपासायचेत. रविवारी सकाळी करा, ट्रॅफिक कमी असतो, आणि जो गाडी चालवतोय त्याने माइक धरायचा नाही.

ठाण्यातली गच्ची असेल तर एक फेरी तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, कासारवडवली, गायमुख अशी. दुसरी कळवा, मुंब्रा, शिळफाटा. तिसरी ऐरोलीवरून वाशी, नेरुळ, बेलापूर, जमलं तर पनवेल. थांबे आधीच नकाशावरून ठरवा आणि मुद्दाम काठावरचे घ्या, जिथे रंग बदलतो तिथले, हिरव्याच्या मधोमध उभं राहून काही शिकायला मिळत नाही.

प्रत्येक थांब्यावर एकाच जागी उभं राहून एकदाच बोलू नका. दोन मीटरला अर्धी लहर म्हणजे साधारण एक मीटर, बिल्डिंगांच्या गर्दीत एक पाऊल सरकलं की सिग्नल १०-२० डीबीने पडतो किंवा चढतो. दहा पावलं चालत चालत बोला, वरच्याने मधला अनुभव लिहायचा, सगळ्यात चांगला नाही. हँडीवरच्या कांड्यांवर विश्वास ठेवू नका, त्या शोभेच्या असतात. कानाने तीन प्रतवाऱ्या पुरतात, स्वच्छ, खरखरीत पण कळतंय, आणि कळत नाही. कोणाकडे आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लागणारा छोटा रिसीव्हर) असेल तर वर लॅपटॉपला लावा, आकडे मिळतील.

मग घरी येऊन नकाशा आणि वही समोरासमोर ठेवा. सगळीकडे सारखाच फरक पडत असेल, समजा प्रत्येक ठिकाणी नकाशापेक्षा वाईट, तर तुमचे आकडे चुकलेत, थ्रेशोल्डचा मायक्रोव्होल्टचा आकडा अजून वाढवा आणि परत काढा. फरक फक्त एकाच बाजूला असेल तर त्या बाजूला काहीतरी उभं आहे जे २००० साली नव्हतं. त्या बाजूचे सदस्य जास्त असतील तर दुसरी गच्ची बघा. बहुतेक वेळा पाच मजले जास्त उंच पण डोंगराला टेकलेल्या जागेपेक्षा थोडी बुटकी पण खाडीकडे उघडी जागा बरी पडते.

शेवटी ग्रुपवर नकाशा टाकाल तेव्हा त्याच्यावर चार गोष्टी लिहा, हँडीचा की गाडीचा, किती वॅट धरले, घराबाहेरचा की आतला, आणि कुठल्या महिन्यात फिरून तपासला. नाहीतर कोणीतरी नवीन मुलगा बाथरूममध्ये उभा राहून कॉल देईल आणि रिपीटर बंद आहे म्हणून मेसेज टाकेल. आणि शेजारी नवीन टॉवरचं काम सुरू झालं की त्या बाजूची फेरी परत मारायची तयारी ठेवा, घोडबंदरला तर दर दिवाळीला मारावी लागेल असं दिसतंय.